बाराखडीतली गुप्तलिपी: वही-पेन्सिलीवर शिकायची सुरुवात

गुप्त लिहायला शिकवणारं बहुतेक साहित्य ए-बी-सी-डीपासून सुरू होतं. रोमचा सीझर अक्षरं तीन घरं पुढे सरकवायचा, तुम्हीही सरकवा, एवढ्यावर पहिला धडा संपतो. मराठीला हे लावायला गेलं की पहिल्याच ओळीत गाडी अडते. काना-मात्रा कुठे ठेवायच्या? जोडाक्षर फोडायचं का? अनुस्वाराचं काय? म्हणून इथे सुरुवात आपल्या वर्णमालेपासून केली आहे. क-वर्ग ते प-वर्ग हा पाच बाय पाचचा तक्ता शाळेतच पाठ झालेला असतो, आणि गुप्तलेखनाला त्याहून सोयीचं हत्यार मिळणं अवघड.

साहित्य अगदी किरकोळ आहे. चौकटींची वही, पेन्सिल, खोडरबर, सारख्या मापाच्या १० चिठ्ठ्या आणि झाकणाचा एक डबा. कॅल्क्युलेटर लांब ठेवा. पुढे जी बेरीज करायची आहे तिच्यात हातचा घ्यायचा नसतो आणि कॅल्क्युलेटर तो घेतोच.

तीन शब्द पक्के करू. जे सांगायचं आहे तो मजकूर, झाकल्यावर जे दिसतं ते कूट, आणि फक्त दोघांना माहीत असते ती किल्ली. संकेत ही वेगळी गोष्ट आहे. त्यात अख्ख्या शब्दाऐवजी दुसरा शब्द येतो. जुन्या काव्यांत आणि शिलालेखांत शके सांगताना १ साठी चंद्र, २ साठी नेत्र, ४ साठी वेद, ५ साठी बाण लिहायचे आणि आकडे उजवीकडून डावीकडे वाचायचे, तो संकेत. आपण इथे अक्षर-अक्षर झाकणारी लिपी शिकतोय.

एक गैरसमज आधीच काढलेला बरा. घरातल्या जुन्या दप्तरात वाचता न येणारा कागद सापडला की लोक त्याला गुप्तलिपी म्हणतात. मराठवाड्यात असा कागद बहुतेक वेळा मोडीत किंवा उर्दूत असतो. मोडी ही रोजच्या कारभाराची, भरभर लिहायची लिपी. शिकलेल्या कुणालाही ती वाचता येते, तिला किल्ली नसते.

पहिली पायरी: मूलदेवी

कामसूत्रातल्या ६४ कलांमध्ये ‘म्लेच्छितविकल्प’ नावाची कला आहे: ठरवून दुर्बोध केलेलं बोलणं-लिहिणं. त्यावरच्या यशोधराच्या जयमंगला टीकेत याचे प्रकार दिले आहेत. त्यातला मूलदेवीय हा नवशिक्याला सगळ्यात सोपा, कारण यात अक्षरांच्या जोड्या आहेत आणि झाकायला-उघडायला एकच तक्ता पुरतो.

अ–क, ख–ग, घ–ङ, च–ट, त–प, ञ–ण, न–म, र–ष, ल–स, य–श.

जोडीतल्या एका अक्षराऐवजी दुसरं लिहायचं. बाकीची अक्षरं आणि काना-मात्रा जशाच्या तशा ठेवायच्या. स्वर आला की मात्र थांबा. इ, उ, ए, औ हे सगळे आधी ‘अ’च्या बाराखडीत लिहून घ्या: अि, अु, अे, औ. सावरकरांच्या लिपिसुधारणेत होती तीच ही पद्धत. मग अ-चा क झाला की ‘औसा’चं ‘कौला’ होतं आणि ‘कळंब’चं ‘अळंब’.

आता हाच तक्ता आपल्या जिल्ह्यांना लावून बघा. लातूर – सापूष. परभणी – तषभञी. जालना – जासमा. हिंगोली – हिंखोसी. धाराशिव – धाषायिव. नांदेड – मांदेड. बीड – बीड.

चूक नाही ती. ब आणि ड या दोघांनाही मूलदेवीत जोडीदारच नाही, त्यामुळे बीड उघडंच राहतं. छ ज झ ठ ड ढ थ द ध फ ब भ व ह ळ ही १५ व्यंजनं या तक्त्यात हलत नाहीत. नांदेडचा तर फक्त न बदलला, ‘मांदेड’ बघून कुणीही ओळखेल. अक्षरं उघडी राहणं वाईट, पण दुसरं टोकही धोक्याचं आहे. जर्मनांच्या एनिग्मा या कूट करायच्या यंत्रात कुठलंही अक्षर झाकल्यावर स्वतःसारखं कधीच यायचं नाही. ‘इथे हा शब्द असूच शकत नाही’ एवढं त्यावरून फोडणाऱ्यांना कळायचं, आणि तेवढा धागा त्यांना फार कामाला आला.

हे फुटतं कसं

लिहिण्याआधी फोडायला शिका, म्हणजे कुठे झाकायचं ते कळतं. ९ व्या शतकात बगदादच्या अल-किंदीने याची रीत लिहून ठेवली: कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजा. भाषेची नेहमीची अक्षरं कुटातही नेहमीचीच राहतात, फक्त वेष बदलतात. मराठीत र, त, ल, न, य, क, व, स पुन्हा पुन्हा येतात. ङ, ञ, झ, ढ क्वचित. एखाद्या वर्तमानपत्रातला अर्धा रकाना घेऊन चौकटीत काड्या मारत स्वतः मोजा. असा तक्ता हाताने केलेला असला की डोळ्यांना सवय लागते.

पण मराठीत मोजणीपेक्षाही लवकर घात करतात त्या तीन गोष्टी.

पहिली, प्रत्यय. शब्दाच्या शेवटी जोडाक्षर, त्यातला दुसरा भाग तोच-तोच आणि वर काना दिसला, तर तो ‘च्या’ असण्याची शक्यता मोठी. मूलदेवीत तो ‘ट्शा’ होऊन येतो. एकदा तो सापडला की च आणि य हातात आले.

दुसरी, ण आणि ळ. मराठी शब्द या दोन अक्षरांनी सुरू होत नाही. जे चिन्ह शब्दाच्या मध्ये आणि शेवटी भरपूर दिसतं पण सुरुवातीला कधीच नाही, ते या दोघांपैकी एक.

तिसरी आणि सगळ्यात मोठी, काना-मात्रा. व्यंजनं बदलून मात्रा तशाच ठेवल्या तर शब्दाचा सांगाडा दिसत राहतो. ‘काहे’ असं दोन अक्षरी पद वाक्यांच्या शेवटी सारखं आलं तर ते ‘आहे’ आहे हे शेंबडं पोरही सांगेल.

मराठवाड्याशी घट्ट नातं असलेल्या महानुभाव पंथाने आपले ग्रंथ अशा लिप्यांत शतकानुशतकं जपले. सकळ लिपी त्यातली मुख्य. शिवाय सुंदरी, अंक, शून्य, वज्र अशा आणखी. सकळ लिपी मूळची अक्षरांच्या अदलाबदलीचीच. तरी बाहेरच्यांना ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत उलगडली नाही, वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या खटपटीतून ती अभ्यासकांपुढे आली. तिची ताकद तक्त्यात नव्हती, आमच्या मते. पोथ्या मठांबाहेर जात नव्हत्या आणि किल्ली गुरूकडून शिष्याकडेच जायची. मोजायला कागदच हाती नसेल तर अल-किंदीची रीत काय कामाची? तुमची चिठ्ठी मात्र दुसऱ्याच्या हाती पडणार हे धरूनच चाला.

दुसरी पायरी: आकड्यांचा तक्ता

मात्रा झाकायच्या तर अक्षरच आकड्यांत न्यायचं. ही कल्पना जुनी आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने पाच बाय पाचच्या चौकटीत अक्षरं मांडून मशालींनी रांग आणि घर दाखवायची रीत वर्णिली. आपल्याकडे करपल्लवी तेच करते: अहिफन, कमल, चक्र, टंकार अशा हाताच्या खुणांनी वर्ग सांगायचा, बोटांनी त्यातलं अक्षर आणि चुटक्यांनी मात्रा. (गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून ठरतो तो भाव या घराण्यातला, फक्त तिथे आकडेच असतात.)

वहीत ७ रांगा आणि ५ रकाने आखा.

१: क ख ग घ ङ
२: च छ ज झ ञ
३: ट ठ ड ढ ण
४: त थ द ध न
५: प फ ब भ म
६: य र ल व ळ
७: श ष स ह अ

३४ व्यंजनं आणि स्वरांसाठी एक अ, बरोबर ३५ घरं. पहिला आकडा रांगेचा, दुसरा रकान्याचा. तिसरा आकडा मात्रेचा:

० – मात्रा नाही
१ – काना
२ – वेलांटी, ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही
३ – उकार, ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही
४ – एक मात्रा
५ – दोन मात्रा
६ – काना-मात्रा
७ – काना आणि दोन मात्रा
८ – पाय मोडलेलं अक्षर
९ – भरतीचा गट, वाचायचा नाही

प्रत्येक अक्षराचे असे तीन आकडे. ‘लातूरला ये’ म्हणजे ६३१ ४१३ ६२० ६३१ ६१४.

मजकूर आकड्यांत नेण्याआधी तो साधा करून घ्या. अनुस्वार सरळ ‘न्’ करा: नांदेड म्हणजे ना-न्-दे-ड, ४५१ ४५८ ४३४ ३३०. ‘अंबड’चं ‘अन्बड’ होईल, वाचणाऱ्याला कळतं. जोडाक्षर फोडून पहिल्या भागाला ८ द्या: ‘उद्या’ म्हणजे ७५३ ४३८ ६११. ‘कृ’ला ‘क्रु’ लिहा, ‘ज्ञ’ला आपण बोलतो तसं द्-न्-य, ‘ऑ’ला ‘ओ’. ऱ्हस्व-दीर्घ गेलं म्हणून हळहळू नका. संदेश वाचायचा आहे, शुद्धलेखन तपासायचं नाही. मात्र ‘दिन’ आणि ‘दीन’ अशी गल्लत होईल असा शब्द टाळा. नेमका आकडा सांगायचा असेल तर अक्षरी लिहा: ‘सात’, ‘सव्वासात’.

सगळ्यात जास्त चुका ८ विसरल्याने होतात, ‘सत्य’चं ‘सतय’ होऊन बसतं. दुसरी चूक हस्ताक्षराची. घाईत लिहिलेले १ आणि ९ सारखे दिसतात, आणि इथे १ म्हणजे काना तर ९ म्हणजे ‘हा गट सोडून दे’. एका फटकाऱ्यात अक्षर गायब. १ ची शेपटी सरळ खाली ओढा आणि ९ चं डोकं पूर्ण गोल करा.

९ चा उपयोग मात्र भरपूर आहे. अर्थ नसलेले गट मधेमधे पेरले की मोजणाऱ्याचा हिशोब बिघडतो. पेरताना पहिला आकडा १ ते ७ मधला आणि दुसरा १ ते ५ मधलाच घ्या: ४१९, २४९, ५३९. ‘८६९’ लिहिलंत तर तो गट लांबूनच परका दिसतो.

तिसरी पायरी: किल्ली

आतापर्यंत जे केलं ते तक्ता माहीत असलेला कुणीही वाचेल. आता तर हा लेखच त्याच्या हाती आहे. ऑगस्ट केर्कहॉफ्स याने १८८३ मध्ये सांगितलेला नियम इथे लागू होतो: पद्धत शत्रूला ठाऊक झाली तरी चालावं, गुप्त राहायला हवी ती किल्ली. शिवाय वरच्या संदेशात ‘ला’चा ६३१ दोनदा तसाच आला आहे, म्हणजे मोजणी अजून चालते.

समजा किल्ली ४७२९. ती मजकुराच्या आकड्यांखाली पुन्हा पुन्हा लिहा आणि उभी बेरीज करा, हातचा न घेता. ६ आणि ४ चे १०, तर फक्त ० लिहा.

मजकूर: ६३१४१ ३६२०६ ३१६१४
किल्ली: ४७२९४ ७२९४७ २९४७२
कूट: ००३३५ ०८१४३ ५००८६

पहिला ‘ला’ ००३ झाला, दुसरा ३५०. आता तो एकच अक्षर आहे हे दिसत नाही. पाच-पाचचे गट पाडले की तीन-तीनची मूळ रचनाही झाकते आणि एखादा आकडा गळाला तर लगेच कळतं. हे महत्त्वाचं, कारण एक आकडा गळाला की पुढचं सगळं सरकतं आणि उरलेल्या संदेशाचा चिवडा होतो. म्हणून मजकूर नेहमी ५ च्या पटीत अक्षरं होतील असा भरून घ्या. ७ अक्षरं असतील तर ३ भरतीचे गट टाका, म्हणजे ३० आकडे, सहा गट पूर्ण.

उघडताना वजाबाकी करा, शेजारून उसनं न घेता. ० मधून ४ जात नाहीत, तर ० ला १० समजा, ६ उरले, शेजारच्या आकड्याला हात लावू नका. शाळेची सवय इथे आडवी येते. पहिले चार-पाच संदेश उघडताना प्रत्येक उत्तर पुन्हा बेरीज करून ताडून बघा.

किल्ली किती लांब घ्यायची? आपला एकेक अक्षराचा गट तीन आकड्यांचा आहे. किल्लीही तीन आकड्यांची घेतली, तर प्रत्येक अक्षराखाली तीच किल्ली येते आणि ‘ला’ दर वेळी एकाच रूपात दिसतो, मेहनत वाया. सहाची घेतली तर दोनच रूपं, नऊची घेतली तर तीन. ३ ने भाग न जाणारी लांबी घ्या. ७ आकड्यांची किल्ली एका अक्षराला ७ रूपं देते, ११ ची ११. म्हणजे ७ ची किल्ली ९ च्या किल्लीपेक्षा बरी.

किल्ली म्हणून जन्मतारीख, मोबाइल नंबर, पिनकोड किंवा एम. एच. २६ वाल्या गाडीचा नंबर घेऊ नका. ओळखीचा माणूस हेच आधी लावून बघतो.

फिरत्या किल्लीची पद्धत इटलीच्या बेलासोने १५५३ मध्ये छापली, पुढे ती व्हिजनेरच्या नावावर चढली आणि बराच काळ अभेद्य समजली गेली. १८६३ मध्ये कासिस्की या प्रशियन अधिकाऱ्याने तिची उकल प्रसिद्ध केली. लांब कुटात आकड्यांचा तोच तुकडा पुन्हा कुठे येतो ते शोधा आणि दोन्हींमधलं अंतर मोजा. अशी अंतरं किल्लीच्या लांबीच्या पटीत येतात. लांबी कळली की कूट तेवढ्या रकान्यांत मांडायचं आणि रकान्या-रकान्याला अल-किंदीची मोजणी. यातून तुमच्यासाठी निघणारा अर्थ सरळ आहे: संदेश जितका छोटा आणि किल्ली जितकी लांब, तितकं बरं. एका किल्लीवर पानभर लिहू नका आणि दर संदेशाची सुरुवात ‘नमस्कार’ने करू नका.

किल्लीवर आंधळा विश्वास टाकणं हाही धोकाच. स्कॉटलंडची राणी मेरी कैदेतून कुटात पत्रं लिहायची. ती १५८६ मध्ये वाटेतच उघडली जात होती. उलगडणाऱ्या थॉमस फेलिप्सने एका पत्राला तिच्याच कुटात खोटा ताजा कलम जोडला. लिपी सुरक्षित आहे असं वाटल्याने ती मोकळेपणाने लिहीत गेली, आणि १५८७ मध्ये तिचा शिरच्छेद झाला.

चिठ्ठ्यांची किल्ली

न फुटणारी किल्ली घरी करता येते, फक्त कष्ट आहेत. १० चिठ्ठ्यांवर ० ते ९ लिहा, सारख्या घड्या घाला, डब्यात टाका. एक काढा, आकडा लिहा, चिठ्ठी परत टाका, डबा हलवा, पुढची काढा. चिठ्ठी परत न टाकता काढत गेलात तर दर दहात प्रत्येक आकडा एकदाच येईल आणि फोडणाऱ्याला तेवढा नियम पुरेल. मनाने आकडे सुचवू नका. माणूस नकळत ‘५५’ टाळतो.

३० आकड्यांच्या संदेशाला ३० आकड्यांची किल्ली हवी. दोन प्रती करा, दोघांकडे एकेक. वापरलेलं पान तिथेच फाडून जाळा. अशी किल्ली खरोखर यादृच्छिक असेल, मजकुराएवढी लांब असेल आणि एकदाच वापरली असेल तर कूट फुटत नाही, हे क्लॉड शॅनन याने गणिताने दाखवलं. त्याचा लेख १९४९ चा.

‘एकदाच’ हा शब्द हलक्यात घेऊ नका. १९४२ च्या सुमारास सोव्हिएत छपाईत किल्लीची काही पानं दोनदा निघाली आणि वापरली गेली. अमेरिकनांनी ‘व्हेनोना’ या नावाने वर्षानुवर्षं त्यावर काम करून त्यातले संदेश वाचले. कारण सोपं आहे: एकाच किल्लीची दोन कुटं एकमेकांतून वजा केली की किल्ली उडून जाते आणि दोन मजकुरांतली वजाबाकी उरते. ती सोडवणं कष्टाचं असतं, पण होतं.

किल्ली समोरच्याला पोचवायची कशी, हा प्रश्न वही-पेन्सिलवर सुटत नाही. प्रत्यक्ष भेटून द्यावी लागते. फोनवरची ॲप हे वेगळ्या गणिताने करतात, ज्याची वाट १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी दाखवली. म्हणून बँकेचा पिन वगैरे या वहीत ठेवायला जाऊ नका.

मुलांना बसवायचं असेल तर आधी ‘च’ची भाषा घ्या: शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी आणि पुढे च. ‘तुला’चं ‘चलातु’, ‘उद्या’चं ‘चद्याउ’. यात अक्षरं बदलत नाहीत, फक्त जागा बदलतात, आणि च हा भरतीचा. तेवढ्याने दोन कल्पना हसतखेळत कळतात. मग तक्ता काढा.

आता स्वतः उघडायला हे कूट घ्या. किल्ली ५०८३७१६.

९१७८० ३९८०४ ६८८८४ ७१३८२ ७१५०९ ८५८९९

आधी किल्ली खाली लिहा, मग वजाबाकी, मग तीन-तीनचे गट, मग तक्ता. दहा गट निघतील. त्यातले तीन भरतीचे आहेत आणि पहिलाच गट त्यातला एक. वजाबाकीत चौथ्या आकड्याला ५ आणि पाचव्याला ३ आला म्हणजे तुमचं बरोबर चाललंय. चौथ्याला ५ ऐवजी ४ आला तर पाचव्यासाठी तुम्ही त्याच्याकडून उसनं घेतलंय.